दुकानावर घर, कारखान्यात झोप. सुटकेची वाट कुठे?

३ एप्रिल २०२४. रमजानचे दिवस, ईद आठवड्यावर आलेली. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा गुदमरून मृत्यू झाला. त्याआधी ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेल्या सहा कामगारांचा बळी गेला.

दोन्हीकडे सारखे काय?
कामाच्या जागेत किंवा तिच्या वर माणसे झोपली होती. झोपलेल्या माणसापर्यंत ज्वाळांआधी धूर पोहोचतो.

उन्हाळ्यात, सणात धोका का वाढतो?
ऑर्डरी वाढल्या की मालाचे ढीग जिन्यापर्यंत येतात. जुन्या वायरिंगवर मशिन, इस्त्री, पंखे, कूलर एकदम चालतात. चोरीच्या भीतीने शटरला बाहेरून कुलूप लागते.

काय करावे?
- माणूस आत असताना दाराला बाहेरून कुलूप नको.
- जिना मोकळा, बाहेर पडायला दुसरी वाट हवी.
- रात्री इस्त्री, मशिन, चार्जरचे प्लग काढा.
- धुरात जमिनीलगत वाकून बाहेर पडा. १०१ किंवा ११२ वर फोन करा.

सणाची ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तरी चालेल. आत झोपलेल्या माणसाला बाहेर पडता येईल, ही सोय मात्र मालकाने आजच करायला हवी.