‘गॅस संपला’ म्हणण्यापूर्वी

फ्रीज नीट थंड होईनासा झाला की आपल्याकडे पहिले निदान ठरलेले असते : गॅस संपला. घरातील वडीलधारी मंडळी ते उच्चारतात, शेजारीण दुजोरा देते, आणि सायंकाळी आलेला कारागीर, मागच्या जाळीस हातही न लावता, तेच सांगून खर्चाचा आकडा बोलतो. वस्तुतः फ्रीजमधील गॅस हा शेगडीच्या सिलिंडरातील गॅससारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो एका बंद नळीत अखंड फिरत असतो, आणि नळी शाबूत असेल तर एकदा भरलेला गॅस फ्रीजच्या उभ्या आयुष्यास पुरतो. तो कमी झालाच असेल तर नळीस कोठे तरी छिद्र पडलेले असते. ते छिद्र न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी गृहिणीने स्वतः काय पाहावे, याचा विचार आम्ही या खेपेस करणार आहोत.

कोशात या यंत्रास ‘प्रशीतक’ असे भारदस्त नाव आहे. घरात मात्र तो फ्रीजच. त्याचे कार्य समजण्यास एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही, तो आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळीत गॅसचे द्रवरूप उकळते आणि उकळताना आतील उष्णता शोषून घेते. तळाशी असलेला कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलतो. तेथे ती उष्णता खोलीत सोडून वाफेचा पुन्हा द्रव होतो. फ्रीजच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ या शेवटच्या पायरीत किंवा दारात असते, असे आमचे मत आहे. उष्णतेस बाहेर जाण्यास वाट नसेल, किंवा बाहेरची हवा आत शिरत असेल, तर गॅस बिचारा काय करील?

सुरतेत या दोन्ही अडचणी इतर शहरांहून अधिक. जळगाव-धुळ्याकडील उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. येथे समुद्र जवळ, त्यामुळे हवेत ओल भरलेली. दार उघडले की ही दमट हवा आत जाते आणि तिच्यातील पाण्याचा कप्प्यावर बर्फ होतो. त्यात मे महिन्यात खानदेशाकडील पाहुणे यावेत, आमरसाची पातेली आत जावीत आणि गार पाण्याच्या बाटलीसाठी मुलांनी तासातून वीसदा दार उघडावे! अशा दिवसांत फ्रीज सतत चालत राहिला तर तो बिघडला असे समजू नये. तो आपले काम करीत आहे.

दुसरी अडचण कापडाची. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत ज्या घरांच्या खाली वा शेजारी यंत्रमाग चालतात, तेथे तंतूंची बारीक फूस हवेबरोबर घरात येते आणि फ्रीजमागच्या जाळीवर गोधडीसारखी बसते. इतरत्र वर्षातून दोनदा जाळी झाडली तरी भागते. अशा घरांत ती महिन्याला झाडावी. प्लग काढून, मऊ ब्रशाने, वरून खाली. शिवाय सुरत पडली साड्यांची पेठ. फ्रीजलाही जरीकाठी झूल पांघरण्याचा मोह येथे आवरत नाही. माथ्यावर विणलेला रुमाल ठेवण्यास आमची हरकत नाही. पण बाजू झाकणारी झूल काढलीच पाहिजे, कारण पुष्कळ नव्या फ्रीजमध्ये ती जाळी मागे दिसत नाही, बाजूच्या पत्र्याआड बसविलेली असते. बाजू तापतात म्हणून घाबरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. तो दोष नव्हे, उष्णता बाहेर पडत असल्याची खूण आहे. भिंतीपासून चार बोटांचे तरी अंतर असावे, आणि ओट्याजवळच्या कोनाड्यात फ्रीज ठोकून बसविला असेल तर माथ्यावरही मोकळी जागा हवी.

आता दार. त्याच्या कडेने जी रबरी पट्टी असते, तिच्यात लोहचुंबक असतो. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि कपटा ओढावा. सहज निसटला तर तेथून हवा आत जाते. चारही बाजूंनी अशी परीक्षा करावी. पट्टीच्या घडीत दुधाचे, सरबताचे ओघळ वाळून बसतात. कोमट साबणपाण्याने ते पुसले की पुष्कळदा पट्टी पुन्हा घट्ट बसते. ती चिरली असेल तर बदलावी. हा खर्च गॅस भरण्याच्या मानाने किरकोळ असतो. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले की दार आपोआप मिटते.

भाजीच्या खणाखाली पाणी साचू लागले तर गळती शोधीत बसू नये. आतील मागच्या भिंतीच्या तळाशी एक बारीक भोक असते. त्यात कढीपत्त्याचे पान किंवा कोथिंबिरीची काडी अडकलेली असते. मऊ काडीने ते मोकळे करून कोमट पाणी सोडावे. ते पाणी जेथे उतरते तो मागचा ट्रे मात्र कोणी पाहत नाही. डेंग्यू पसरविणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. १९९४ च्या प्लेगनंतर स्वच्छतेसाठी नाव कमावलेल्या या शहरात, पालिकेचा माणूस दार ठोठावून ट्रे दाखवा म्हणतो, तेव्हा त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. आठवड्यास एकदा तो ट्रे ओतून कोरडा करावा.

एवढे सारे ठाकठीक असूनही फ्रीज थंड होत नसेल तर कान आणि हात यांचा उपयोग करावा. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर चालू होत नाही, तर बहुधा दाब उतरलेला असतो किंवा रिले खराब झालेला असतो. वीज जाऊन लगेच परत आली की असे हटकून घडते. नळीतील दाब दोन्ही बाजूंनी सारखा होण्यास काही मिनिटे लागतात, तत्पूर्वी कॉम्प्रेसरला जोर लावता येत नाही. म्हणून वीज येताच पाच मिनिटे थांबून मग बटण दाबावे. गावाकडे जेथे वीज खालीवर होते, तेथे उशिरा सुरू होणारा स्टॅबिलायझर याच कामासाठी असतो. याउलट कॉम्प्रेसर न थांबता चालतो, बर्फाचा कप्पा गार नाही आणि मागची जाळी वा बाजूही थंडगार आहे, असे असेल तरच गॅस गेल्याचा संशय घ्यावा. कॉम्प्रेसर दुबळा झाला असला तरीही असेच दिसते, हे कारागिरास विचारावे.

गॅस खरोखरच जाण्याचे एक कारण बहुधा घरातच असते, आणि ते म्हणजे सुरी. जुन्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा हीच गॅसची नळी असते. पातळ ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांत ती घडविलेली असते. बर्फ खरवडण्यास सुरी, उलथने वा स्क्रूड्रायव्हर चालविला की एका टोच्याने काम होते. पाव इंचाचा थर चढला की फ्रीज बंद करून, आत गरम पाण्याचे भांडे ठेवून स्वस्थ बसावे. अर्ध्या तासाच्या संयमाने काही हजार रुपये वाचतात.

येथे एक सावधगिरी. पूर्वी फ्रीजमध्ये भरला जाणारा गॅस विषारी नव्हता की पेट घेणारा नव्हता. त्यापूर्वीच्या यंत्रांत विषारी वायू असत. त्यांच्या गळतीने बर्लिनमधील एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि झिलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी न गळणारा फ्रीज बनविण्याचा ध्यास घेतला होता. पुढे निरुपद्रवी गॅस सापडला, पण तो वरच्या ओझोनच्या थरास खाऊ लागला, हे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखविले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची जागा दुसऱ्या वायूंनी घेतली. आज घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, आणि तो पेट घेतो. कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर ‘आर-६००ए’ असे असेल तर जुन्या पद्धतीने ज्योत पेटवून नळी जोडणाऱ्या कारागिरास हात लावू देऊ नये. या कामाचे प्रशिक्षण घेतलेला माणूसच बोलवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

फ्रीजच्या पत्र्याला मुंग्या येऊ लागल्या तर मात्र दुरुस्तीचा विचार नंतर, प्रथम प्लग काढावा. फरशी धुतलेली, पाय अनवाणी आणि तीन पिनांतील जाड पिन बसत नाही म्हणून कापून टाकलेली; या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जीव जातो. अर्थिंग तपासून घ्यावे, आणि घराच्या मुख्य फलकावर गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा.

तापीकाठच्या आपल्या लोकांस आणखी एक प्रकरण सोसावे लागते, ज्याचा उल्लेख फ्रीजबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत नसतो. १९६८, १९९८ आणि ऑगस्ट २००६ चे पूर सुरतकर विसरलेले नाहीत. २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी अडाजण, रांदेरपासून बहुतांश शहरात शिरले आणि तळमजल्यावरील घरांत दिवसच्या दिवस राहिले. बंद दाराचा फ्रीज अशा पाण्यात होडीसारखा तरंगतो आणि आडवा होतो. पाणी ओसरल्यावर तो उभा करून, पुसून, ‘चालतो का पाहू’ म्हणून प्लग लावण्याची घाई अनेकांना होते. ती मुळीच करू नये.

कॉम्प्रेसर पोलादी डब्यात जोडून बंद केलेला असल्याने पाणी सहसा आत जात नाही. पण रिले, थर्मोस्टॅट, आतील दिवा, पंखा आणि नव्या फ्रीजमधील इलेक्ट्रॉनिक फलक यांत गाळ बसतो. जुन्या फ्रीजच्या भिंतींत काचलोकर असेल तर ती भिजून कधी नीट वाळत नाही, आणि तसा फ्रीज दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. फोम भरलेला असेल तर आशा असते. स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा. मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पातळ ब्लीच घालून आतील भाग पुसावा. त्यात व्हिनेगर वा ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निर्माण होतो. दार उघडे ठेवून वाळू द्यावा. आडवा पडलेला फ्रीज उभा करून निदान एक दिवस राहू द्यावा, म्हणजे नळीत गेलेले तेल परत कॉम्प्रेसरमध्ये उतरते. नंतर मेगर लावून तारा तपासून घ्याव्यात.

आतील अन्नाविषयी गृहिणींचा जीव तुटतो, हे आम्ही जाणतो. तरी पुराचे पाणी लागलेले सर्व टाकावे. फिरकीच्या झाकणाची लोणच्याची बरणीसुद्धा, ती वरून कितीही धुतली तरी. नुसती वीज गेली असेल आणि दार बंद राहिले असेल तर खालच्या भागातील दूध, भाजी, शिजलेले अन्न चार तास टिकते. काठोकाठ भरलेला बर्फाचा मोठा कप्पा दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. पाणी चढण्याची सूचना मिळताच मुख्य स्विच बंद करून, फ्रीज रिकामा करून तो मजल्यावर नेता आला तर उत्तमच. नाही तर निदान प्लग काढून दाराला दोरी बांधावी.