विश्लेषण : रक्तदाबावरील ‘पाण्याच्या गोळी’ला रक्ततपासणीची जोड का हवी?

देशात उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या सुमारे ३१.५ कोटी असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडिएब’ अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. त्यांच्या उपचारात वापरले जाणारे एक जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध म्हणजे मूत्रल, म्हणजेच बोलीभाषेतील ‘पाण्याची’ किंवा ‘लघवीची’ गोळी. ती घेणाऱ्या अनेकांना आपण ती घेतो हेच ठाऊक नसते, कारण ती दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असते. ‘सोडियम कमी झाले म्हणून आजीला अ‍ॅडमिट केले’ असे घराघरांत ऐकू येते. त्यामागच्या कारणांपैकी एक ही गोळीही असू शकते. तरीही ती टाळावी असा याचा अर्थ नाही. ती घेताना काय सांभाळायचे, हा खरा प्रश्न आहे.

ही गोळी नेमके काय करते?

मूत्रपिंड रक्त गाळते आणि त्यातील बरेचसे मीठ पुन्हा शरीरात घेते. ‘थायझाइड’ गटातील औषधे या परत घेण्याच्या प्रक्रियेला अंशतः अडवतात. मीठ लघवीवाटे बाहेर पडते आणि त्याच्याबरोबर पाणीही. त्यामुळे रक्तवाहिन्यांतील द्रव कमी होऊन दाब उतरतो. लघवीचे प्रमाण सुरुवातीच्या काही दिवसांत वाढते, नंतर बरेचसे पूर्ववत होते. पुढे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब नियंत्रणात राहतो. म्हणूनच ‘आता लघवी जास्त होत नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही’ हा समज चुकीचा आहे.

या गटात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. फ्युरोसेमाइड हेही मूत्रल आहे, पण त्याचा परिणाम काही तासच टिकतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात साठलेले पाणी काढण्यासाठी ते दिले जाते. केवळ रक्तदाबासाठी ते सहसा पहिली पसंती नसते.

इतक्या जुन्या औषधाला आजही महत्त्व का?

थायझाइड औषधे १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली. ‘ऑलहॅट’ या अमेरिकी चाचणीत ५५ वर्षे आणि त्यापुढील ३३ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये क्लोरथॅलिडोनची तुलना अम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल या नव्या औषधांशी करण्यात आली. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, हृदयविकाराचा झटका रोखण्यात जुने औषध कुठेही कमी पडले नाही. हृदय निकामी होण्याचे प्रमाण तर अम्लोडिपिनपेक्षा कमी आढळले.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’च्या पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्र होता. या उपक्रमाच्या सोप्या उपचार-पद्धतीत अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी मोजकीच औषधे ठेवण्यात आली. औषधांचा क्रम राज्यागणिक बदलतो. मात्र पहिल्या गोळ्यांनी दाब १४०/९० च्या खाली आला नाही, तर मूत्रलाची जोड देणे ही नेहमीची पायरी आहे.

आपण ती घेतो हे कसे ओळखावे?

गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असल्यास त्यात बहुतेकदा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. पण अक्षरांवर विसंबू नये. पाकिटावरील बारीक अक्षरांतील घटकांची यादी पाहावी, किंवा औषध दुकानदाराला अथवा डॉक्टरांना थेट विचारावे. मात्रा साधारणतः १२.५ ते २५ मिलिग्रॅम इतकी कमी असते. मात्रा वाढवल्याने दाब फारसा आणखी उतरत नाही, दुष्परिणाम मात्र वाढतात.

सोडियम आणि पोटॅशियमचा धोका कोणाला?

मिठाबरोबर सोडियम बाहेर पडते आणि पोटॅशियमही कमी होऊ शकते. रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेत असावे लागते. सोडियम घसरण्याचा धोका वयस्क, कृश व्यक्तींना आणि विशेषतः स्त्रियांना जास्त असतो. नैराश्य किंवा फिट्सवरील काही औषधे सोबत सुरू असतील तर तो आणखी वाढतो. घसरण अनेकदा पहिल्या काही आठवड्यांत होते, पण नंतरही होऊ शकते.

मळमळ, डोके जड होणे, तोल जाणे, गुंगी, असंबद्ध बोलणे ही सोडियम कमी झाल्याची लक्षणे असू शकतात. ‘वयोमानाने विसराळूपणा आला’ म्हणून ती सोडून दिली जातात आणि तिथेच वेळ जातो. पोटॅशियम कमी झाल्यास पायात गोळे येणे, अशक्तपणा, छातीत धडधड असा त्रास होतो. अमेरिकेत १३ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांचा हृदयरक्षणातील परिणाम सारखाच दिसला. पोटॅशियम कमी होण्याचे प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोनमध्ये ६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.४ टक्के होते.

टेल्मिसार्टनसारखी औषधे पोटॅशियम वाढवतात. त्यामुळे जोडगोळीत पोटॅशियमचा तोल बऱ्यापैकी सांभाळला जातो. सोडियमला मात्र असे संरक्षण मिळत नाही.

तपासणी कोणती आणि कधी?

सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्या गोळी सुरू करण्यापूर्वी, सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा करणे अपेक्षित असते. ज्येष्ठ आणि मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या अधिक वेळा कराव्या लागतात. या औषधाने रक्तातील साखर आणि युरिक अ‍ॅसिड थोडे वाढू शकते. त्यामुळे मधुमेह किंवा गाऊट असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तीच गोळी आणत राहिल्यास नेमक्या या तपासण्या राहून जातात.

गोळीबरोबर काय टाळावे?

सर्वात दुर्लक्षित धोका गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्यांचा आहे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके, टेल्मिसार्टनच्या गटातील औषध आणि मूत्रल ही तिन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंडावर अचानक ताण येऊ शकतो. रक्तदाबही वाढू शकतो. लिथियम किंवा डिगॉक्सिन सुरू असेल, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल किंवा गर्भधारणा असेल, तर डॉक्टरांना त्याची कल्पना देणे आवश्यक आहे.

बाजारातील ‘कमी सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी ते स्वतःहून सुरू करू नये.

आणखी एक गफलत होते. अम्लोडिपिनने काहींच्या पावलांना सूज येते. ती शरीरात पाणी साठल्यामुळे येतेच असे नाही. तिच्यासाठी परस्पर लघवीची गोळी घेतल्यास सूज फारशी उतरत नाही आणि क्षार मात्र कमी होतात. अशा वेळी मूळ औषध बदलावे का, हे डॉक्टरांना विचारावे.

उन्हाळा, उपवास आणि जुलाबात काय करावे?

विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात घामावाटे मीठ-पाणी जाते. त्यात गोळीची भर पडली की दाब गरजेपेक्षा खाली येऊ शकतो. उठताना चक्कर येत असल्यास बसून आणि उभे राहून अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजावा आणि ते आकडे डॉक्टरांना कळवावेत. उलट्या, जुलाब किंवा जेवण बंद झाले असल्यास गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. निर्जळी उपवास किंवा वारीसारखी लांबची पायपीट ठरली असेल, तर हा सल्ला आधीच घेऊन ठेवावा.

‘पाणी निघून जाते म्हणून भरपूर पाणी प्यावे’ हाही गैरसमजच आहे. तहान नसताना तांब्यामागून तांब्या पाणी प्यायल्याने उरलेले सोडियम आणखी पातळ होते. पाणी किती प्यावे हे तहान, ऋतू आणि हृदय-मूत्रपिंडाची स्थिती यांवर ठरते.

मग गोळी बंद करावी का?

स्वतःहून अजिबात नाही. अनियंत्रित रक्तदाबामुळे पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका असतो. तो तपासणीने सावरता येणाऱ्या दुष्परिणामांपेक्षा मोठा आहे. गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागत नाही आणि अंधारात पडण्याचा धोकाही टळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा असावे. त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही धरायचे. मीठ कमी असेल तर कमी मात्रेची गोळीही चांगले काम करते.

गोंधळल्यासारखे वागणे, झटके येणे, शुद्ध हरपणे किंवा अचानक डोळा दुखून अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. त्यावरील घटक वाचून डॉक्टरांना कारण लवकर शोधता येते.