मॅगझीन काढले, गोळी राहिली!

दिवाळीत मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल येते. टिकल्यांची गुंडाळी काढली की ते मुके होते. खरे पिस्तूल मात्र इतके सरळ नसते!

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांची पेटी बसते. तिला मॅगझीन म्हणतात. (वाचकहो, आपल्या हाती आहे ते नव्हे!) ती उपसली की पिस्तूल रिकामे झाले असे वाटते. परंतु एक काडतूस आधीच नळीच्या मुळाशी जाऊन बसलेले असू शकते. कुणी गमतीने चाप ओढतो, आणि घरात आक्रोश उठतो.

यावर तोड म्हणजे मॅगझीन सेफ्टी. मॅगझीन जागेवर नसेल तर चापाचा पुढच्या यंत्रणेशी संबंध तुटतो व बार होत नाही. फ्रेंच सैन्याने नव्या पिस्तुलासाठी ही अट घातली होती. जॉन ब्राउनिंग १९२६ साली वारले. त्यांचे काम बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्यात द्यूदोने सैव्ह यांनी पुरे केले. १९३५ चे ‘हाय-पॉवर’ ही कळ घेऊनच अवतरले. मौज अशी, की फ्रान्सने ते पत्करलेच नाही! आपल्या ईशापूरच्या कारखान्यातले ९ मि.मी. पिस्तूल याच वंशातले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २००७ पासून नव्या नमुन्यांना अशी कळ सक्तीची केली.

कळीचा आणखी एक गुण आहे. झटापटीत शिपायाने मॅगझीन पाडले, तर हिसकावणाऱ्याच्या हाती नुसते लोखंड उरते.

मग तक्रार कसली? मॅगझीन बदलताना शत्रू पुढे ठाकला, तर नळीतली गोळी असून नसल्यासारखी. हाय-पॉवरमध्ये कळीचा खटका मॅगझीनवर घासतो. त्यामुळे चाप जड होतो आणि मॅगझीन चटकन गळून पडत नाही.

पण खरा धोका मनाचा आहे. कळीवर विसंबण्याची सवय लागलेला माणूस उद्या १९११ चे कोल्ट हाती घेतो. त्यात ही कळ नाही!

म्हणून जाणते लोक क्रम सांगतात: नळीचे तोंड निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढा, मग वरची सरक मागे ओढा आणि नळीचे मूळ डोळ्यांनी पाहा. क्रम उलटला तर मॅगझीनमधले नवे काडतूस पुन्हा आत शिरते. कळ अवश्य असावी. पण ती चुकलेल्या हाताला सावरण्यासाठी, न पाहणाऱ्या डोळ्यांना सूट देण्यासाठी नव्हे.