नीटस बागांविरुद्ध

न्यू जर्सीपासून व्हर्जिनियापर्यंत आपली पुष्कळ मराठी कुटुंबे आज घरे घेऊन राहतात. त्यांच्या बागांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. गालिच्यासारखी हिरवळ, कडेला कात्रीने कापलेली लालभडक झुडपे, आणि पानाला कोठे छिद्र म्हणून नाही! ह्या नीटसपणाशीच मला भांडावयाचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल; पण फराळात तिखटही लागतेच.

ते लाल झुडूप बहुधा जपानी बारबेरी, म्हणजे आपल्या दारुहळदीची परदेशी बहीण. १८७५ साली तिचे बी बोस्टनच्या अर्नल्ड आर्बोरेटममध्ये आले आणि शोभेची म्हणून ती घरोघर पोहोचली. पक्ष्यांनी बी रानात नेले. आता तेथे तिच्या काट्यांचे रान माजले आहे. हरणे तिला तोंड लावीत नाहीत. तिच्या दमट सावलीत लाइम रोग पसरविणाऱ्या गोचिडी मात्र सुखाने नांदतात, हे कनेक्टिकटच्या संशोधकांनी दाखविले आहे. पेनसिल्व्हेनियाने २०२१ साली तिच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. शोभेकरिता अमेरिकेतून आलेल्या घाणेरीने आपल्या डोंगरांचे काय केले हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही कथा नवी नाही.

मग लावावे काय? मी स्पाइसबुशचे नाव घेईन. हे त्याच मातीतले झुडूप; मेनपासून फ्लोरिडापर्यंत ओलसर रानांत, मोठ्या झाडांच्या सावलीला, पुरुष-दीड पुरुष उंच वाढणारे. कूळ दालचिनी-तमालपत्राचे, पान चुरगाळले की हाताला मसाल्याचा वास राहतो. उणे २५ अंशांची थंडी ते सोसते, आणि वसंतात पालवीच्याही आधी नुसत्या काटक्यांवर पिवळ्या फुलांचे झुबके मिरविते.

स्पाइसबुश स्वॅलोटेल हे काळे-निळे फुलपाखरू ह्याच्यावर अंडी घालते. त्याची अळी पान दुमडून आत लपते, आणि मोठी झाली की अंगावरचे दोन खोटे डोळे दाखवून सापाचे सोंग आणते. मुलांना दाखवावयास ह्याहून चांगला तमाशा कोणता? शरदात मादी झुडपांवर लाल फळे धरतात. ती स्निग्धांशाने भरलेली असतात. दक्षिणेकडे निघालेल्या वूड थ्रशसारख्या पक्ष्यांची ती शिदोरी. परक्या हनीसकलची फळेही लालच, पण आत नुसते साखरपाणी!

“पण अळ्या पाने खातील ना?” खाव्यातच! पिलांना अळ्याच भरवाव्या लागतात. चिकडी हा चिमणीहूनही लहान पक्षी. त्याची एका वेळची पिले वाढावयास ६ ते ९ हजार अळ्या लागतात, असे डेलावेअर विद्यापीठाचे डग्लस टॅलमी सांगतात. अळ्यांवर औषध मारून खांबाला दाण्याचे भांडे टांगणारा गृहस्थ म्हणजे पाहुण्याला पानसुपारी देऊन त्याच्या लेकरांच्या तोंडचा घास काढणारा यजमान.

वसाहतीचे नियम आडवे येतात म्हणाल, तर मेरीलँडने २०२१ साली अशा बागांवर अवाजवी बंधने घालण्यास वसाहतींना कायद्यानेच मनाई केली आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. ह्या झुडपांत नर-मादी निराळी, आणि फुलल्याखेरीज ती ओळखू येत नाहीत. एकच लावून फळे आली नाहीत म्हणून रोपवाल्याला शिव्या देऊ नका. चार-पाच रोपे एकदम लावा, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, आणि गळालेली पाने बुंध्याशीच राहू द्या.