चमत्कारी फळ आणि शेतकऱ्याचा हिशेब

घाना, बेनिन, नायजेरिया ह्या पश्चिम आफ्रिकेतील देशांच्या दमट रानांत एक झुडूप आपोआप वाढते. योरूबा लोक त्यास अगबायुन म्हणतात. शास्त्रीय नाव सिन्सेपॅलम डल्सिफिकम. मोह, खिरणी व चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातले हे. फळ लाल, करवंदाहून किंचित लांबट. आत एकच बी, गर थोडा व जवळजवळ बेचव. परंतु तो जिभेवर घोळवून मग लिंबू चाखले असता लिंबू गोड लागते! हा गुण मिराक्युलिन नामक प्रथिनाचा असून १९६८ साली संशोधकांनी ते वेगळे काढले. तेथील लोक आंबवलेल्या मक्याच्या भाकरीपूर्वी व आंबट ताडीपूर्वी हे फळ पूर्वापार खात आले आहेत.

आता ह्याची रोपे आपल्याकडेही विकली जातात. आमचे मत असे की, गुण खरा असला तरी त्यावरून पिकाचा फायदा गृहीत धरू नये.

पहिली गोष्ट जमिनीची. ह्या झुडपास आम्ल जमीन लागते. कोकणातील जांभ्या जमिनीत ते कदाचित रमेल. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याचा निभाव लागणे कठीण. शिवाय फळ धरण्यास तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते.

दुसरी टिकाऊपणाची. तोडलेले फळ दोन-तीन दिवसांत खराब होते, आणि शिजविले की गुण नाहीसा होतो. म्हणून मुरांबाही नाही. ते गोठवून वाळवावे लागते, व तशी यंत्रे शेतकऱ्याजवळ नसतात.

तिसरी कायद्याची. १९७४ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने मिराक्युलिन हे अन्नात मिसळण्याचे द्रव्य ठरवून त्याची वाट अडविली, आणि त्यावर उभा राहू पाहणारा धंदा बसला. युरोपीय संघाने वाळविलेल्या फळास परवानगी दिली ती २०२१ साली, तीही केवळ पूरक आहार म्हणून.

सारांश, गुण झुडपाचा, पण किंमत यंत्राच्या व परवान्याच्या हाती. हौस म्हणून परसात एक-दोन रोपे जरूर लावावीत. परंतु फळ घेणारा व वाळविणारा कोण, हे लेखी ठरल्यावाचून एकरभर जमीन अडकवू नये, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची सूचना आहे.