नव्या गाडीला जुन्या बैलाची अक्कल नसते



सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली वेचणी झाली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास जिंतूरच्या रस्त्यांवर झेंडूच्या माळा घातलेल्या नव्या मोटारसायकली दिसू लागतात. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी गावात येते. माय ओवाळते, पेढे वाटले जातात, आणि थोरल्या मुलाचा आनंद चेहऱ्यावर मावत नाही. एके काळी साऱ्या गावात एखादी राजदूत असायची. १९७२ साली पुण्याची लूना आली, १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि पाहता पाहता मोटारसायकल ही चैनीची वस्तू न राहता औताइतकीच गरजेची झाली. दूध घालायचे, खत आणायचे, पोरीला शाळेत सोडायचे, सारे तिच्यावरच.

पण याच गाडीने किती घरे अंधारात गेली, तेही पाहा. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते, आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. म्हणून या आठवड्यात चार शब्द नव्याने गाडी हाती घेणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

बैल वाट ओळखतो

बाजारातून परतताना गाडीवान पेंगला तरी बैल त्याला बरोबर घरी आणीत. समोर खड्डा आला की थांबत, साप दिसला की बुजत. बैलाला स्वतःचे डोळे होते. मोटारसायकलीला डोळे नाहीत. तिचे डोळे म्हणजे चालवणाऱ्याचेच डोळे.

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. खिशातला मोबाईल वाजला, कोणाचा म्हणून दोन सेकंद खाली पाहिले, तर २२ मीटर गाडी आंधळी धावली. तेवढ्यात बांधावरचे वासरू रस्त्यावर येते. म्हणून गाडीवर बसण्याआधी मोबाईल बंद करून खिशात ठेवावा. घरच्यांनीही एक सवय लावून घ्यावी. फोन लागला की पहिला प्रश्न, "गाडीवर आहेस का रे?" 'हो' म्हणाला की लगेच फोन ठेवून द्यावा. काम कितीही निकडीचे असो, ते पोराच्या जिवापेक्षा मोठे नसते.

लक्ष उडते ते केवळ मोबाईलनेच नव्हे. शेतीची वीज रात्रीची असली की रात्रभर पाणी द्यायचे आणि पहाटे दूध घेऊन निघायचे, हे पुष्कळ घरांत चालते. अशा वेळी डोळा केव्हा लागला ते कळतही नाही. भाव पडला म्हणून मन खट्टू असते, भावकीत बोलाचाली झालेली असते, आणि त्या रागात किक मारली जाते. असे असेल तेव्हा तोंडावर पाणी मारून, घटकाभर बसून मग निघावे. झोप अनावर असेल तर त्या दिवशी दूध दुसऱ्याच्या हाती पाठवावे.

पहिला महिना

नवे गोऱ्हे आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपतो का? मग नव्या हाताला पहिल्याच दिवशी हमरस्ता कशाला? पहिला आठवडा शाळेच्या मैदानात किंवा पीक निघालेल्या मोकळ्या रानात घालवावा. हळू चालवणे, वळणे आणि थांबणे ही तीन कामे हाताला बसू द्यावीत. पुढे पंधरा दिवस गावातले रस्ते, तेही दिवसा आणि एकट्याने. त्यानंतरच बाजारचा दिवस आणि परभणीचा रस्ता. रात्रीचा प्रवास सर्वांत शेवटी.

ब्रेकविषयी खेड्यांत एक गैरसमज आहे. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून पुष्कळ जण नुसता मागचाच ब्रेक लावतात. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर चाक घसरते आणि गाडी लवकर थांबत नाही. दोन्ही ब्रेक बरोबर लावावेत. पुढचा एकदम न आवळता, धार काढताना सड दाबतो तसा हळूहळू दाबत न्यावा. गाडी वळणात असताना किंवा चाकाखाली वाळू असताना मात्र तो जोराने दाबू नये. वेग वळणाआधीच कमी करावा.

आणखी एक गोष्ट. नजर जाते तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहाल तर नेमके खड्ड्यातच जाल. खड्डा दिसला की नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या वाटेवर न्यावी.

आपल्याकडचे रस्ते

शहरातल्या शिकवणीत जे सांगत नाहीत, ते आपण ध्यानात ठेवले पाहिजे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रानातली काळी माती डांबरावर येते. ती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेव्हाही तीच गत. सुगीत काही जण मळणीसाठी पीक रस्त्यावरच पसरतात. त्या भुसकटावरून चाक सरकते. अशा जागी ब्रेक न मारता आधीच वेग उतरवून सरळ जावे. आणि पीक पसरणाऱ्यांनीही विचार करावा, की पडणारा पोरगा आपल्याच शिवारातला असतो.

दिवस मावळल्यावर उसाची ट्रॉली मागे दिवा नसताना उभी असते. रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की पुढचे काहीच दिसत नाही. त्या वेळी डाव्या कडेवर नजर ठेवून वेग उतरवावा. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, इतकाच रात्रीचा वेग. ट्रॉलीच्या मालकांनी मागे लाल चमकपट्टी लावावी. तिला खर्च फार येत नाही.

शेतातल्या पाणंदीतून मोठ्या रस्त्यावर येताना पुष्कळ जण सरळ घुसतात. तिथे पाय टेकून थांबावे. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून मगच निघावे.

मागे बसणाऱ्यांसाठी

माय-भगिनींनो, पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकून फार वाईट अपघात होतात. बसण्याआधी पदर खोचून घ्यावा आणि गाडीला साडीची जाळी आहे ना ते पाहावे. लहान लेकराला टाकीवर पुढे बसवू नये. दोघांपलीकडे तिसरे माणूस घेऊ नये. खताचे पोते आणि माणूस एकाच खेपेत नेऊ नये. कुदळीचे दांडे आडवे धरू नयेत. हेल्मेट आयएसआय खुणेचे घ्यावे आणि पट्टा हनुवटीखाली बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते.

कायदा आणि सातबारा

गिअरच्या गाडीला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. आधी शिकाऊ परवाना, त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा. शिकाऊ असताना मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. "पोरगा हुशार आहे, दहावीतच गाडी मारतो" असे कौतुकाने सांगणाऱ्या बापाने हे ऐकून ठेवावे.

त्याहून मोठी गोष्ट विम्याची आहे. परवाना नसलेल्याच्या हातून दुसऱ्याला इजा झाली, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मग नजर जाते ती सातबाऱ्याकडे. दारू पिऊन चालवणाऱ्याच्या वारसांना तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाखही मिळत नाहीत.

वाटेत कोणी पडलेला दिसला तर पुढे जाऊ नये. १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाचे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, असे संरक्षण कायद्याने २०१९ पासून दिले आहे.

या दसऱ्याला गाडीची पूजा कराल तेव्हा ताटात हळदकुंकवाबरोबर हेल्मेटही ठेवा. आणि पूजा झाल्यावर ते भिंतीच्या खुंटीला न लावता मुलाच्या डोक्यावर ठेवा.