राहिलेल्या रोज्यांचा हिशेब

रजब संपून शाबानचा चंद्र दिसला की आपल्या घरांत रमजानची चाहूल लागते. दळण होते, बेसन, खजूर, शेवया यांची यादी होते, पडदे आणि चादरी धुवायला निघतात. मशिदीत तरावीहसाठी हाफिज ठरवण्याची बोलणी चालू होतात. या सगळ्या तयारीत एक ओळ मात्र बहुतेक घरांच्या यादीत येत नाही. मागच्या रमजानचे किती रोजे शिल्लक आहेत आणि ते कधी पुरे करायचे?

हा प्रश्न प्रामुख्याने आपल्या माता-भगिनींचा आहे. मासिक पाळी, गरोदरपण, बाळंतपण, अंगावर पिणारे मूल या कारणांनी त्यांचे रोजे राहतात आणि ते राहिलेले रोजे त्यांच्याच डोक्यावर राहतात. हिशेब सोपा आहे. दर रमजानला सहा दिवस धरले तरी तीस वर्षांत १८० रोजे होतात. त्यात दोन-तीन बाळंतपणे आली की ही संख्या आणखी कितीतरी वाढते. दरवर्षीचे दरवर्षी फेडले तर ओझे वाटत नाही. साठत गेले तर चाळिशीत बाई बोटे मोजत बसते आणि "एवढे माझ्याने कसे होणार?" म्हणून सोडून देते. म्हणून या महिन्यात याच विषयावर बोलू या.

सवलत कोणी दिली?

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये फर्ज झाले. सूरह बकरहच्या ज्या आयतींमध्ये (१८३ ते १८५) हा हुकूम आला, त्याच आयतींमध्ये आजारी आणि प्रवासी यांना इतर दिवसांत संख्या पूर्ण करण्याची मुभाही आली. अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अडचण इच्छित नाही, हा खुलासाही तिथेच आहे. म्हणजे सवलत ही नंतर कोणी मौलवीसाहेबांनी काढलेली पळवाट नव्हे. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ती दिली.

हिजरी ८ मध्ये मक्केकडे निघालेल्या प्रवासात रमजान चालू होता. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा रोजा होता आणि त्यांच्याकडे पाहून सोबत्यांनीही रोजा सोडला नव्हता. लोकांना ते जड जात आहे असे कळल्यावर आपण (स.) पाण्याचे भांडे मागवले, सर्वांना दिसेल असे उंच धरले आणि पाणी प्यायले. त्यानंतरही काही जण रोज्यावर अडून राहिल्याचे कळले तेव्हा आपण (स.) नाराजी व्यक्त केली. ही हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे.

आणखी एका प्रवासात कडक ऊन होते. रोजेदार थकून पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू उभारले, जनावरांना पाणी पाजले. त्या दिवशीचे पुण्य रोजा नसलेले घेऊन गेले, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले. आता आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा. पाळीमुळे रोजा नसलेली सून पहाटे तीनला उठून सर्वांची सहेरी करते, दुपारी लहान मुलांना जेवू घालते, अस्रनंतर इफ्तारीची भजी तळते. तिला "तुझं काय, तुझा तर रोजा नाही" असे म्हणण्यापूर्वी ही हदीस आठवावी.

लपून खाणे

आपल्या घरांत एक चाल पडली आहे. पाळी आलेली मुलगी पहाटे सर्वांबरोबर सहेरीला बसते, दिवसभर पाणीही न पिता राहते किंवा मोरीचे दार लावून बिस्किट खाते, कारण अब्बांना आणि भावांना कळता कामा नये. हया हा ईमानचा भाग आहे, यात शंका नाही. बाहेर, रस्त्यावर रमजानचा अदब राखावा हेही बरोबर. पण त्या दिवसांत तिच्यावर रोजा नाहीच. रोज्याची नियत करणे तिला जाइजही नाही. मग भुकेने चक्कर येईपर्यंत तिने राहावे यात कोणती इबादत आहे? अम्मीने स्वयंपाकघरात तिच्यासाठी एक ताट झाकून ठेवावे. घरातील पुरुषांनी विचारू नये, आणि कळले तर न कळल्यासारखे करावे. एवढे पुरेसे आहे.

त्या दिवसांतील नमाज माफ आहे, तिची कजा नाही. रोजे मात्र नंतर पुरे करायचे असतात. हे हजरत आयेशा (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले आहे. आणखी एक गोष्ट मुलींना आधीच सांगून ठेवावी. मगरिबच्या पाच मिनिटे आधी पाळी सुरू झाली तरी तो रोजा मोडतो आणि त्याची कजा करावी लागते. दिवसभराची उपासमार वाया गेली असे मानून रडू नये. नियतीचे पुण्य देणारा अल्लाह आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणारी आई

स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल तर गरोदर आणि स्तनदा मातेला रोजा पुढे ढकलण्याची परवानगी आहे. ही भीती कोणी ठरवायची? स्वतःचा अनुभव आणि जाणत्या डॉक्टरचा सल्ला यांवरून. सासूबाईंनी आपल्या काळात नवव्या महिन्यातही सर्व रोजे ठेवले होते, अल्लाह ते कबूल करो. पण एकीची ताकद हा दुसरीवरचा हुकूम होत नाही. रक्त कमी असेल, बाळाची हालचाल मंद वाटत असेल, दूध आटत असेल, तर रोजा पुढे ढकलावा आणि मन खट्टू करू नये.

इथे मसलकाचा फरक लक्षात ठेवावा. आपल्या राज्यात कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, तर घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशात हनफी अधिक. हनफी मसलकात अशा मातेवर फक्त कजा आहे. शाफई मसलकात तिला स्वतःच्या प्रकृतीची भीती असेल तर फक्त कजा आणि केवळ बाळाची भीती असेल तर कजेबरोबर फिदियाही आहे. कजा करणे शक्य असूनही सबबीशिवाय पुढचा रमजान उजाडला, तर शाफई मतानुसार प्रत्येक रोज्यामागे एक मुद्द धान्यही द्यावे लागते. हनफी मतात तशा वेळी कजाच पुरे. रत्नागिरीचे माहेर आणि औरंगाबादचे सासर असेल तर दोन घरांत दोन उत्तरे मिळतात. त्यावरून वाद घालू नये. आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारून घ्यावे.

अब्बांचा मधुमेह

हिशेबाची दुसरी बाजू घरातील वडीलधाऱ्यांची आहे. साठी ओलांडलेले, इन्सुलिनवर असलेले अब्बा म्हणतात, "चाळीस वर्षांत एक रोजा सोडला नाही, आता काय सोडू?" त्यांची तळमळ मोठी आहे. तिची थट्टा करू नये, पण तिला जीव धोक्यातही घालू देऊ नये. २००१ च्या रमजानमध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली होती. प्रौढवयात होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांत साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रकार इतर महिन्यांच्या मानाने सुमारे साडेसातपट झालेले त्यात आढळले.

म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. काही मधुमेहींना औषधांच्या वेळा बदलून रोजा ठेवता येतो. काहींनी अजिबात ठेवू नये. हे प्रकृती पाहून ठरते, शेजाऱ्याचे पाहून ठरत नाही. रोज्यात साखर तपासायला बोट टोचल्याने रोजा जात नाही आणि इन्सुलिनच्या सुईनेही जात नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. तेव्हा "रोजा आहे म्हणून तपासत नाही" ही सबब उरत नाही. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर रोजा ताबडतोब सोडावा, असे या विषयातील डॉक्टर सांगतात. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी थांबू नये. जिवाच्या भीतीने रोजा सोडला तर साठ रोज्यांचा कफ्फारा पडत नाही. बरे झाल्यावर एका रोज्याची एक कजा करायची. कफ्फाऱ्याच्या चुकीच्या भीतीने कोणी आपला जीव पणाला लावू नये.

ज्याच्या बरे होण्याची आशाच नाही, किंवा वयामुळे ज्याला रोजा झेपतच नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. हनफी मसलकात एका रोज्यामागे एका सदका-ए-फित्राइतके, म्हणजे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. शाफई मसलकात त्या भागातील मुख्य अन्नधान्याचा एक मुद्द, म्हणजे कोकणात तांदूळ. तीस रोज्यांचा फिदिया गरिबाला द्यावा. हजरत अनस (रजि.) वृद्धापकाळी रोजा झेपेना तेव्हा गरिबांना जेवू घालत असत. मात्र तात्पुरता आजार असलेल्या धडधाकट माणसाने पैसे देऊन मोकळे होऊ नये. त्याच्यावर कजाच आहे.

कजा कशी करावी?

हजरत आयेशा (रजि.) सांगतात की त्यांच्यावर रमजानचे रोजे बाकी असत आणि त्यांना ते शाबानमध्येच पुरे करता येत. म्हणजे पैगंबरांच्या (स.) घरातही कजा लांबणीवर पडत असे, पण पुढच्या रमजानपूर्वी हिशेब पूर्ण होत असे. शाफई मसलकात शाबानच्या उत्तरार्धात नवे नफ्ल रोजे सुरू करायला मनाई आहे. कजेला ती आडकाठी नाही.

कजेचे रोजे सलग ठेवण्याची गरज नाही. आठवड्यातून एक ठेवला तरी वर्षाला पन्नास होतात. नियत मात्र रात्रीच, सुबह सादिकपूर्वी करावी. दोन्ही ईद आणि जिल्हिज्जाच्या ११, १२, १३ या तारखा सोडाव्यात. हिवाळा यासाठी उत्तम. मुंबईत डिसेंबरचा रोजा जूनच्या रोज्यापेक्षा दोन तासांहून अधिक लहान असतो आणि तहानही लागत नाही. जुने रोजे किती हे आठवत नसेल तर मनाला खात्री पटेल असा अंदाज बांधावा, तो वहीत लिहावा आणि एकेक खोडत जावे. रमजान संपला की त्याच आठवड्यात नवी संख्या लिहून ठेवावी.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. रमजानमध्ये सगळे घर रोज्यात असते म्हणून रोजा हलका जातो. कजेचा रोजा बाई एकटी ठेवते. सकाळी नवऱ्याचा डबा, दुपारी मुलांचे जेवण, संध्याकाळी पाहुणे, आणि मगरिबला खजूर तोंडात टाकायलाही तिला कोणी आठवण करत नाही. तिच्या कजेच्या दिवशी नवऱ्याने डब्याचे आपण पाहावे. मुलीने भाकरी थापाव्यात. त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत. आणि मगरिबच्या अजानला घरातील सर्वांनी तिच्याबरोबर दस्तरखानवर बसावे, जसे रमजानमध्ये बसतात. जमल्यास एखाद्याने तिच्या सोबतीला नफ्ल रोजा ठेवावा.

आई वारल्यानंतर तिचे राहिलेले रोजे कसे फेडावेत, असा प्रश्न पैगंबरांना (स.) विचारला गेला तेव्हा आपण (स.) त्याची तुलना कर्जाशी केली आणि अल्लाहचे कर्ज फेडले जाण्यास अधिक पात्र आहे असे सांगितले. आई हयात असतानाच तिला हे कर्ज फेडायला हातभार लावणे आपल्या हाती आहे. शाबानचे जे दिवस उरले आहेत त्यांतील दोन-चार तरी त्यासाठी ठेवू या.

अल्लाह आपणा सर्वांना रमजान लाभो, ज्यांना रोजा झेपतो त्यांचे रोजे आणि ज्यांना झेपत नाही त्यांची तळमळ कबूल करो. आमीन.